हप्ता नव्हे, कर्ज!

कर्ज काढून शिकण्यात कमीपणा नाही, असे आम्ही मानतो. ज्या घरांत तारण ठेवावयास शेत नाही की सोने नाही, अशा अनेक घरांतील मुलामुलींना बँकेच्या शैक्षणिक कर्जामुळेच महाविद्यालयाचे दार उघडले. ४ लाखांपर्यंतच्या अशा कर्जास तारण लागत नाही आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर सुरू होते.

परंतु शिक्षणाच्याच नावाने कर्जाचा आणखी एक प्रकार आपल्या वस्त्यांपर्यंत पोहोचला आहे. ऑनलाईन शिकवणीचा प्रतिनिधी घरी येतो, मूल मागे पडेल असे सांगून आईवडिलांच्या जीवाला घोर लावतो आणि ‘सुलभ हप्त्यां’साठी मोबाईलवर आलेला ओटीपी मागून घेतो. प्रत्यक्षात तो करार अनेकदा वित्त कंपनीच्या कर्जाचा असतो. पैसे शिकवणी कंपनीस मिळतात आणि कर्जदार ठरतो तो पालक. पुढच्याच महिन्यापासून खात्यातून हप्ता कापला जातो. मुलाने शिकवणी सोडली तरी तो थांबत नाही.

२३ डिसेंबर २०२१ रोजी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पालकांना अशा परस्पर कापल्या जाणाऱ्या हप्त्यांविषयी सावध केले. पुढील वर्षी राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने अशाच तक्रारींवरून ‘बायजूज’च्या प्रमुखांना पाचारण केले.

बुडालेल्या फीपेक्षाही मोठी हानी पुढे होते. हप्ता थकला की पालकाची सिबिल नोंद बिघडते. काही वर्षांनी तेच मूल अभियांत्रिकीस वा परिचर्या महाविद्यालयात प्रवेश मिळवते, तेव्हा शैक्षणिक कर्जाच्या अर्जावर सहकर्जदार म्हणून त्याच पालकाचे नाव असते आणि बँक मागची थकबाकी पुढे करते. बालपणीच्या शिकवणीचे कर्ज अशा रीतीने उच्च शिक्षणाची वाट अडवते.

रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून, प्रत्येक किरकोळ कर्जदारास व्याजाचा वार्षिक दर व सर्व शुल्के दर्शविणारे तथ्यपत्रक त्याला समजणाऱ्या भाषेत देणे बंधनकारक आहे. ते मराठीत मागणे हा पालकांचा हक्क आहे. ते हाती पडून वाचून होईपर्यंत ओटीपी कोणासही सांगू नये.

तथापि नियम कागदावर असतो आणि प्रतिनिधी दारात उभा असतो. म्हणून आमची सूचना अशी : बँकांत, वकिलीत व लेखापालनात स्थिरावलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी प्रत्येक पालकसभेच्या दिवशी दोन तास शाळेत बसावे व पालकांनी आणलेली कागदपत्रे सहीपूर्वी वाचून द्यावीत. ज्या शाळेने आपल्याला अक्षर दिले, तिच्या ऋणाची परतफेड याहून योग्य मार्गाने होईल, असे आम्हांस वाटत नाही.