नाव जगवायला निघाले, माणसे विसरले!

७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेट एअरवेज अवसायनात काढण्याचा आदेश दिला आणि या नामांकित विमान कंपनीला पुन्हा उडविण्याची पाच वर्षांची खटपट संपली. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. पारडीवाला व न्या. मनोज मिश्रा यांच्या खंडपीठाने त्यासाठी संविधानाच्या अनुच्छेद १४२ चा, म्हणजे संपूर्ण न्याय करण्याच्या खास अधिकाराचा वापर केला. बँकांचे काय होणार, गुंतवणूकदारांचे काय होणार, याची चर्चा पुष्कळ झाली. आमचा प्रश्न वेगळा आहे. या संपूर्ण न्यायात कामगाराच्या वाट्याला काय आले?

मे १९९३ मध्ये मुंबईतून सुरू झालेली जेट ही खासगी विमान वाहतुकीची शान मानली जात होती. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईकडे निघालेले तिचे विमान शेवटचे ठरले. सुमारे २० हजार लोकांच्या रोजगारावर कुऱ्हाड पडली. त्यांचे पगार तर त्याआधीपासूनच थकले होते. जून २०१९ मध्ये प्रकरण मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये धनको बँकांच्या समितीने मुरारीलाल जालान व लंडनची कालरॉक कॅपिटल यांच्या संयुक्त गटाची योजना मंजूर केली आणि जून २०२१ मध्ये न्यायाधिकरणानेही तिच्यावर शिक्का मारला.

या गटाने घेतले तरी काय? बहुतेक विमाने भाड्याची होती, ती मालक परत घेऊन गेले. विमानतळांवरील उड्डाणाच्या वेळा इतर कंपन्यांना वाटल्या गेल्या होत्या आणि त्या हक्काने परत मिळवून द्यायला न्यायाधिकरणाने नकार दिला. उरले ते मुख्यतः नाव! मे २०२२ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला, पण तिकीट काढलेला एकही प्रवासी उडाला नाही. उलट नोव्हेंबर २०२२ मध्ये नव्याने घेतलेल्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना बिनपगारी रजेवर पाठविले, काहींचे पगार कापले. जुन्यांची देणी बाकी असतानाच नव्यांचीही तीच गत झाली!

आता हिशेब पाहा. बँकांचे मान्य दावे सुमारे ७,८०० कोटींचे. योजना ४,७८३ कोटींची, तीही हप्त्याहप्त्याने. पहिला हप्ता ३५० कोटींचा. गटाने २०० कोटी भरले आणि उरलेले १५० कोटी बँक हमीतून वळते करा म्हणून हट्ट धरला. मार्च २०२४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो मान्य केला; सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, २०० कोटी जप्त केले आणि हमीची रक्कम वसूल करण्याची मुभा बँकांना दिली. याच योजनेत कामगार-कर्मचाऱ्यांसाठी ठेवले होते अवघे ५२ कोटी!

कर्मचारी गप्प बसले नाहीत. त्यांच्या संघटना अपिलात गेल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्या, असा निकाल दिला. त्याविरुद्ध हा गट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये हरला. ज्यांच्याकडे घामाचे पैसे द्यायला तयारी नव्हती, ते विमाने उडविण्याच्या गोष्टी करत होते!

नावाचा हा मोह फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेची पॅन अ‍ॅम डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. १९९६ मध्ये तेच नाव घेऊन छोटी कंपनी निघाली, ती दीड वर्षात दिवाळखोरीत गेली. नंतर आणखी दोघांनी ते नाव लावून पाहिले. २००८ मध्ये तेही संपले. नाव विकत घेता येते, त्यामागचे कसबी हात आणि भांडवल नावाबरोबर फुकट मिळत नाही.

अवसायनात तरी कामगाराला न्याय मिळेल काय? आदेशाच्या वेळी असलेल्या कायद्यात भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी विक्रीच्या पैशांपासून अलग ठेवलेली आहे, ही जमेची बाजू. परंतु थकलेल्या पगाराचे काय? कामगारांची २४ महिन्यांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने आणि इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची देणी त्यांच्या खाली धरायची, आणि हे महिने मोजायचे अवसायन सुरू झाल्यापासून मागे! जेट तर त्याआधी साडेपाच वर्षे बंदच होती. मग कामगाराने कोणत्या महिन्यांचा पगार मागायचा? आणि ज्या सफाईवाल्याचा, लोडरचा मालक कागदावर ठेकेदार आहे, त्याने कोणाच्या दारात उभे राहायचे?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. दोन वर्षांची थकबाकी मोजायची तर ती पगार बंद झाला त्या दिवसापासून मागे मोजा. नाव विकत घेणाऱ्याकडून आधी कामगारांची देणी वेगळ्या खात्यात भरून घ्या, मगच त्याला कंपनीचा ताबा द्या. आणि कामगारांनीही ओळखावे की, निर्वाह निधीचा निकाल कोणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. संघटना उभी राहिली म्हणूनच तो मिळाला. पगाराची लढाईही तशीच लढावी लागेल!