तज्ज्ञांचा सल्ला आणि लोकांचा अधिकार

साकोली तालुक्यातील धानशेतीचा इतिहास हा बव्हंशी तलावांचा इतिहास आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत असे हजारो तलाव असून त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाच्या कौशल्याचा मोठा वाटा आहे. पाळ कोठे घालावी, सांडवा किती उंच ठेवावा, टंचाईच्या वर्षी पाणी कोणाच्या बांधीत आधी सोडावे, हे मालगुजाराच्या वर्चस्वाखाली का होईना, पण गावातच ठरत असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली, हे न्याय्यच झाले. परंतु मालगुजाराच्या जागी गाव यावयास हवे होते, तेथे सरकारी खाते आले. तलावांत गाळ साचला, अतिक्रमणे झाली आणि शेतकरी व ढीवर दोघेही अर्जदार बनले. शासनातील तज्ज्ञ सल्लागारांच्या भूमिकेचा विचार आम्ही या अनुभवावरूनच करू इच्छितो.

तज्ज्ञांना आमचा विरोध नाही. नियोजनाचा आग्रह धरणाऱ्या समाजवाद्यांना तो परवडणारही नाही. धनंजयराव गाडगीळ हे मोठे अर्थशास्त्रज्ञ. परंतु प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद स्वीकारून ते शेतकऱ्यांबरोबर बसले आणि आपल्या सल्ल्याच्या परिणामांची जबाबदारी त्यांनी स्वतः उचलली. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ साली नेमलेल्या सत्यशोधन समितीने सुमारे ३१८७ कोटी रुपयांचा प्रादेशिक अनुशेष आकड्यांनिशी मांडला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. विदर्भावरील अन्यायाच्या तक्रारीला या अहवालाने प्रमाणाचे बळ दिले. तज्ज्ञाचे खरे कार्य ते हेच.

प्रश्न आहे तो राज्यकर्ते या ज्ञानाचे काय करतात, हा. समिती नेमली की आंदोलन शमते आणि अहवाल येईपर्यंत मंत्रिमंडळाला उसंत मिळते. विजय केळकर समिती २०११ साली नेमली गेली, अहवाल २०१३ च्या ऑक्टोबरात सादर झाला आणि विधिमंडळापुढे येण्यास २०१४ चा डिसेंबर उजाडला. ज्या वैधानिक विकास मंडळांनी अनुशेषावर लक्ष ठेवावयाचे, त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा ती वाढवून देण्यात आली नाही. त्यानंतर २०२२ साली नीती आयोगाच्या धर्तीवर 'मित्र' ही संस्था स्थापन झाली आणि टाटा सन्सचे अध्यक्ष एन. चंद्रशेखरन यांच्या नेतृत्वाखाली आर्थिक सल्लागार परिषदही नेमण्यात आली. या परिषदेपुढे ध्येय ठेवले गेले ते एक ट्रिलियन डॉलरच्या अर्थव्यवस्थेचे. उद्योगपतींचा सल्ला घेऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. परंतु साकोलीच्या धानकऱ्याला आणि ढीवराला आपले म्हणणे कोणत्या मेजापाशी मांडता येते?

येथे आपल्याच चळवळीचा एक धडा आठवावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पराभव झाला त्या १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागेवरून प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता लोकसभेवर गेले. पुढे १९६३ साली ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि त्यावरून पक्षात फूट पडण्यापर्यंत वाद गेला. मागास देशाच्या उभारणीत विरोधकानेही सहभागी व्हावे, ही त्यांची भूमिका प्रामाणिक होती. परंतु सत्तेला दिलेल्या सल्ल्याचा जाब जनतेने कोणाला विचारावयाचा, हा कार्यकर्त्यांचा प्रश्नही तितकाच खरा होता. पंचायत राज्याविषयीच्या मेहता समितीने १९७८ साली सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा आराखडा दिला. पण जनता सरकार कोसळले आणि त्या शिफारशी बव्हंशी कागदावरच राहिल्या. तज्ज्ञ कितीही सहृदय असला, तरी त्याच्या अहवालामागे संघटित लोकमत नसेल, तर तो राज्यकर्त्यांच्या मर्जीवरच अवलंबून राहतो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक सल्लागार समितीचा अहवाल, सादर झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, मराठीत प्रसिद्ध व्हावा आणि पंचायत समितीच्या कचेरीत कोणालाही वाचावयास मिळावा. कोणती शिफारस स्वीकारली, कोणती नाकारली आणि का, याचे लेखी उत्तर शासनाने विधिमंडळापुढे ठेवावे. तसेच ज्या प्रदेशाविषयी सल्ला द्यावयाचा, तेथे तालुक्याच्या ठिकाणी जाहीर सुनावणी झाल्याखेरीज अहवाल पुरा झाला असे मानू नये.

शासनाची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. साकोली तालुक्यातील कार्यकर्त्यांनी येत्या उन्हाळ्यात गावोगावच्या तलावांची नोंद घ्यावी. तलावात गाळ किती, अतिक्रमण कोणाचे, पाळीची स्थिती काय, सिंचन किती घटले, मासेमारीचा हक्क कोणाकडे आहे, हे सारे ग्रामसभेत वाचून व दुरुस्त करून वहीत उतरवावे. उद्या एखादी समिती आली, तर तिच्यापुढे निवेदनाऐवजी ही वही ठेवता येईल. समिती आलीच नाही, तरी जिल्हा परिषदेला जाब विचारण्यासाठी ती गावाच्या उपयोगी पडेल.