फ्रंट स्क्वॉट: गुडघा पुढे गेला तर काय बिघडले?

जिमला जाणारे रुग्ण मला अनेकदा विचारतात, "डॉक्टर, स्क्वॉटने गुडघे खराब होतात ना?" ट्रेनरचा एक नियम त्यांना पाठ असतो: गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये. माझ्या मते हा नियम सरसकट सगळ्यांना लावणे चुकीचे आहे. बारबेल खांद्यांच्या पुढच्या बाजूला घेऊन करायच्या फ्रंट स्क्वॉटमध्ये तर तो पाळणे बहुतेकांना शक्यच नसते.

बार पुढे असल्याने तो पडू नये म्हणून धड जवळजवळ उभेच ठेवावे लागते. तसे ठेवून खाली बसायचे तर गुडघा पुढे जाणारच. (जिना उतरतानाही तो जातो, तेव्हा कोणी अडवत नाही.) २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, बार पाठीवर घेऊन स्क्वॉट करणाऱ्यांच्या गुडघ्यांसमोर आडकाठी ठेवली होती. गुडघ्यावरचा ताण थोडा कमी झाला, पण धड पुढे झुकले आणि खुब्यावरचा ताण कित्येक पटींनी वाढला. गुडघा वाचवताना भार कमरेकडे ढकलण्यात काय हशील?

मग लक्ष कशाकडे द्यायचे? आधी कोपरांकडे. बार खांद्यांच्या गोलाईवर, गळ्याजवळ टेकवा. वजन खांदे पेलतात. हात फक्त बार घरंगळू देत नाहीत, त्यामुळे दोन-तीन बोटे अडकवली तरी पुरते. कोपरे समोर आणि उंच ठेवा. ती खाली आली की पाठ वाकते आणि बार निसटू लागतो. पावले साधारण खांद्यांइतकी लांब, बोटे किंचित बाहेर वळलेली. गुडघा बोटांच्याच दिशेने जाऊ द्या, आत कोसळू देऊ नका. टाच उचलली जात असेल तर घोटा आखडलेला आहे. उकिडवे बसायची सवय सुटलेल्यांत हे हमखास दिसते. अशा वेळी टाचेखाली पातळ प्लेट ठेवा, किंवा पाठ सरळ राहील तेवढेच खाली जा.

ऑलिंपिक बार नुसताच २० किलोचा असतो. नवशिक्याने आधी छातीशी डंबेल धरून हीच बैठक शिकावी. प्लेटा चढवण्याची घाई मला अजिबात पटत नाही. रॅकचे सेफ्टी रॉड लावलेले असावेत. अडकलात तर कोपरे खाली सोडा, बार पुढे पडू द्या आणि मागे सरका.

जड वजनाला श्वास रोखून पोट घट्ट केले की रक्तदाब तेवढ्यापुरता बराच वाढतो. तुमचा रक्तदाब आटोक्यात नसेल तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. गुडघा सुजणे, अडकणे, अचानक दगा देणे किंवा पायात मुंग्या येणे, यांपैकी काही होत असेल तर व्यायाम थांबवून तपासून घ्या. व्हिडिओ बघून पवित्रा सुधारत बसू नका.