कसब तिचे, कमाई कोणाची?

मराठीतील दिवाळी अंकाची प्रथा काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली पाडली असे मानले जाते, आणि त्याच वर्षी रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन स्थापन करून विधवा, परित्यक्ता आणि गरीब घरच्या स्त्रियांना शिवणकाम, रुग्णसेवा, अध्यापन अशी पोटापाण्याची कामे शिकवण्यास आरंभ केला. फराळाबरोबर वाचायच्या मजकुराचा आणि बाईच्या हाताला मिळालेल्या उद्योगाचा इतिहास असा एकाच साली सुरू होतो, तरी गेल्या शतकभरात दिवाळी अंकांनी पहिल्या गोष्टीची जितकी आठवण ठेवली तितकी दुसरीची ठेवलेली दिसत नाही. प्रस्तुत अंकाचा विशेष विभाग तरुण स्त्रियांच्या कसबाच्या शिक्षणाला दिला आहे, आणि त्यासाठी बीदर व कलबुर्गी हे सीमेवरचे दोन जिल्हे निवडले आहेत, ते केवळ तेथे मराठी वाचक आहेत म्हणून नव्हे.

सेवासदन पुण्यात उभे राहिले तेव्हा हे दोन्ही जिल्हे निजामाच्या राज्यात होते. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याची तीन वाटण्यांत विभागणी होऊन उदगीर, अहमदपूर व निलंगा मुंबई राज्याकडे, जहीराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशाकडे, आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्याकडे गेले. सोयरिकी, बाजार आणि देवदेव मात्र पूर्वीच्याच वाटांनी चालू राहिले. औरादच्या मुलीचे सासर उदगीरला असणे, किंवा कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदच्या कुटुंबाचा आडत-व्यवहार सोलापूरशी असणे, यात आजही कोणाला नवल वाटत नाही.

या प्रदेशाचे सर्वांत नामांकित कसब म्हणजे बिदरीकाम, आणि कसबाच्या शिक्षणाचे सगळे गुंते त्या एका वस्तूत पाहता येतात. सुमारे सोळा भाग जस्तात एक भाग तांबे मिसळून वाळूच्या साच्यात वस्तू ओततात. ती कानशीने घासून गुळगुळीत केल्यावर मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरती काळी करतात, म्हणजे टोकदार कलमाने हातानेच रेखलेली नक्षी उजळ दिसते. त्या रेषा छिन्नीने खोल कोरून त्यांत चांदीची तार किंवा पत्रा हलक्या हातोडीने ठोकून बसवतात. तारेच्या कामाला तारकशी आणि पत्र्याच्या कामाला तहनिशां म्हणतात. शेवटी वस्तू तापवून तिला बीदरच्या किल्ल्यातील जुनी माती आणि नवसागर यांचा लेप देतात, त्याने मिश्रधातू कायमचा काळा पडतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची ही माती कारागीर जिभेवर ठेवून पारखतात; ही पारख कोणत्याही अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत उतरवता आलेली नाही. बिदरीला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या मालालाच ते नाव वापरण्याचा कायदेशीर हक्क, मिळालेला आहे, आणि बीदरचे उस्ताद शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

हे काम पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे गेले आणि अलीकडच्या दशकांत प्रशिक्षण वर्गांच्या वाटेने त्यात मुलीही येऊ लागल्या, ही गोष्ट समाधानाची आहे. पण समाधान मानण्यापूर्वी मुलगी नेमके काय शिकते हे विचारावे लागते. नक्षी रेखणे, ओतकाम आणि काळे करणे ही तिन्ही कामे उस्तादाकडे राहिली आणि तिच्या वाट्याला फक्त तार ठोकणे आले, तर ती कारागीर न होता तारेच्या मजुरीवर काम करणारी बाई होते. सगळे टप्पे शिकली तरी चांदी रोख पैशाने आधी विकत घ्यावी लागते, आणि चांदीचा भाव चढला की पहिला बंद पडतो तो भांडवल नसलेल्याचा हात. अशा वेळी व्यापारी चांदी पुरवतो, नगाप्रमाणे मजुरी देतो, आणि वस्तूवर तिचे नाव कोठेच राहत नाही. प्रमाणपत्र तेवढे चौकटीत बसून भिंतीवर लागते.

कसबाच्या कमाईवर हक्क कोणाचा, हा प्रश्न या भूमीला नवा नाही. आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, म्हणजे जुने कल्याण, ही चालुक्यांची राजधानी, आणि सहाव्या विक्रमादित्याच्या काळात येथेच विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, जी पुढे भारताच्या बहुतेक भागांत हिंदू वारसा कायद्याचा पाया ठरली. स्त्रीधन, म्हणजे स्त्रीच्या स्वतःच्या मालकीची संपत्ती, या कल्पनेचा विज्ञानेश्वराने केलेला अर्थ त्या काळाच्या मानाने बराच उदार होता, कारण वारसा, खरेदी, वाटणी अशा मार्गांनी आलेले धनही त्याने त्यात धरले. दुसऱ्या बाजूला स्मृतिकार कात्यायनाच्या नावावर असलेले वचन असे की स्त्रीने शिल्पातून, म्हणजे हातच्या कसबातून, मिळवलेल्या धनावर सत्ता नवऱ्याची. इतर निबंधकारांनी, म्हणजे धर्मशास्त्राचे संग्रह करणाऱ्यांनी, ते उचलून धरले. माहेरून आलेला दागिना तिचा, पण तिच्या बोटांनी कमावलेला पैसा त्याचा, अशी ही विचित्र व्यवस्था होती. त्याच कल्याणात बाराव्या शतकात बसवण्णांभोवती जमलेल्या शरणांनी, म्हणजे शिवभक्तांनी, कायक, म्हणजे श्रमाने मिळवलेली उपजीविका, हीच उपासना मानली, आणि वचने रचणाऱ्या स्त्रियांत सूत कातणारी कदिरे रेम्मव्वे व सांडलेले तांदूळ वेचून संसार चालवणाऱ्या जोडप्यातील आयदक्की लक्कम्मा यांची नावे त्यांच्या कामासह टिकून राहिली. कायद्याला तेथवर यायला १९५६ साल उजाडले. त्या वर्षीच्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीने स्वतःच्या कसबाने किंवा कष्टाने मिळवलेली संपत्ती निःसंदिग्धपणे तिच्या पूर्ण मालकीची ठरवली. बिदरीच्या घरांपैकी पुष्कळ घरे मुसलमान आहेत, आणि इस्लामी कायद्यात तर बाईची कमाई तत्त्वतः पहिल्यापासून तिचीच आहे. तत्त्वाची उणीव अशी कोठेच नाही.

उणीव आहे ती योजनांच्या बारीक अक्षरात. पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली, आणि तिच्यात अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाने दोन हप्त्यांत मिळून तीन लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. हत्याराला पैसे देणारी योजना म्हणून तिचे स्वागतच करावे लागेल. पण लाभ कुटुंबातील एकाच व्यक्तीला, अशी तिची अट आहे, आणि नवरा-बायको दोघेही एकाच ओसरीवर काम करत असतील तर अर्जावर नाव कोणाचे जाईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. त्या अठरांत शिंपीकाम आहे. बिदरीला स्वतंत्र नाव नाही. शिंपीकामाविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण स्त्रियांचे प्रशिक्षण म्हटले की पुढाऱ्याच्या हस्ते शिलाई मशीनचे वाटप हे चित्र इतके पक्के झाले आहे की गावात आधीच किती मशीन धूळ खात पडल्या आहेत हे मोजण्याची कोणाला गरज वाटत नाही.

राज्यघटनेच्या २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३७१ (ञ) या भागासाठी, म्हणजे आजच्या कल्याण कर्नाटकासाठी, खास आहे, आणि शिक्षणसंस्थांबरोबर व्यवसाय-प्रशिक्षण संस्थांतही येथे जन्मलेल्या किंवा अधिवास असलेल्या विद्यार्थ्यांना राखीव जागांची सोय ते करते. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या भालकी-औरादच्या मुलीला ही जागा मिळाली तरी वर्गातले शिकवणे कन्नडमध्ये असते. कन्नड शिकणे तिच्या हिताचेच आहे, यात वाद नाही. पहिले सहा महिने तिला भाषेचा आधार देणारे कोणी नसणे हा मात्र निव्वळ हलगर्जीपणा आहे. कर्नाटकाच्या शक्ती योजनेने जून २०२३ पासून स्त्रियांचा बसप्रवास मोफत झाला, पण तो राज्याच्या हद्दीपुरता, आणि महाराष्ट्राची अर्ध्या तिकिटाची सवलत पलीकडच्या एसटीत. जिला उदगीरचा वर्ग बीदरपेक्षा जवळ पडतो तिने काय करावे, याचे उत्तर दोन्ही महामंडळांकडे नाही.

वर्ग मुलींच्या जवळ नेण्याच्या बाबतीत आफ्रिकेचा अनुभव येथे उपयोगी पडतो, आणि बीदरला आफ्रिका परकी नाही. बहमनी दरबारातील हबशी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या, सरदारांच्या कबरी असलेली हबशी कोट ही टेकडी शहरालगत उभी आहे. युगांडात ‘ब्रॅक’ या मूळच्या बांगलादेशी संस्थेने २००८ च्या सुमारास किशोरवयीन मुलींसाठी गावोगावी मंडळे काढली, त्यांत हातच्या कामाबरोबर शरीर, लग्न आणि पैसा यांविषयीचे शिक्षणही दिले. चार वर्षांनी झालेल्या पाहणीत, जी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, मुलींचे स्वतःच्या उद्योगातले प्रमाण लक्षणीय वाढलेले आणि अल्पवयातील गर्भारपण व लग्न घटलेले आढळले. लायबेरियात २०१० मध्ये सुरू झालेल्या तरुण मुलींच्या प्रशिक्षणाच्या उपक्रमाने वर्ग वस्तीजवळ घेतले आणि लेकुरवाळ्या मुलींसाठी मुले सांभाळण्याची व्यवस्था केली. कर्नाटकात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.३ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झाल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नोंदले आहे. तेव्हा पाळणाघराविना तरुण स्त्रियांचे प्रशिक्षण योजणे म्हणजे त्यांतल्या अनेकींना दारातूनच परत पाठवणे होय.

तांड्यांची, म्हणजे लमाणी वस्त्यांची, गोष्ट आणखी वेगळी. लमाणी भरतकामाला याच कल्याण कर्नाटकातील सांडूरने, म्हणजे घोरपड्यांच्या जुन्या संस्थानाच्या गावाने, देशाबाहेर नेले. कलबुर्गीच्या तांड्यांतही सुई तितकीच सराईत आहे. पण दिवाळी सरली की घरेच्या घरे ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर निघतात, आणि आर्थिक वर्ष संपवण्याच्या घाईत प्रशिक्षणाचे वर्ग नेमके जानेवारी ते मार्चमध्ये भरवले, तर हजेरीपटावर नावे राहतात आणि तांड्यात कुलुपे. जानेवारी २०२३ मध्ये मळखेड येथे पाच जिल्ह्यांतील पन्नास हजारांहून अधिक तांडावासी कुटुंबांना घरजागेचे हक्कपत्र देण्यात आले. जागा कागदावर आल्याने घरातल्या घरात काम मांडण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली आहे, तिचा उपयोग करायचा तर वेळापत्रक पावसाळ्याचे हवे.

या सगळ्यात, ज्यात नवे कसब शिकवावेच लागले नाही असे एक उदाहरण कलबुर्गीतच आहे. जोंधळ्याची कडक भाकरी थापणे तेथील बाईला लहानपणापासून येते. जिल्ह्यातील बचत गटांच्या भाकरीला ‘कलबुर्गी रोटी’ असे नाव, आवेष्टन आणि बेंगळुरूपर्यंतची बाजारपेठ मिळाली, तेव्हा कसब तेच राहिले, बदलला तो व्यवहार, आणि पैसे गटाच्या खात्यावर येऊ लागले. त्या खात्यावर सही कोण करते, भाकरीचा भाव कोण ठरवते आणि जोंधळा महागला की तोटा कोणी सोसायचा, हे प्रश्न विशेष विभागातील लेखांनी विचारावेत अशी संपादकांची अपेक्षा आहे, आणि बिदरीच्या तारेलाही तेच प्रश्न लागू आहेत.