आधी निर्णय, मग सुनावणी

सातपुड्यातील आदिवासींचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, याबद्दल शासनदरबारी मतभेद नाहीत. मतभेद आहेत ते केव्हा ऐकायचे याबद्दल.

आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडितात आली. या धरणाला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जून १९८७ मध्ये संमती दिली, तेव्हा आवश्यक अभ्यासही पुरे झालेले नव्हते. मणिबेलीच्या माणसांना विचारण्याची तरतूद तर कायद्यातच नव्हती. १९९७ साली मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी सक्तीची झाली. ते शासनाचे औदार्य नव्हे. देशभरच्या विस्थापितांनी त्याची किंमत आधीच मोजली होती.

या हक्काला पळवाटा कशा पाडल्या गेल्या, हे नैसर्गिक वायूच्या वाहिन्यांकडे पाहिले की कळते. २००६ च्या अधिसूचनेने अभयारण्ये, राष्ट्रीय उद्याने व तत्सम संवेदनशील क्षेत्रांतून जाणाऱ्या वाहिन्यांनाच पर्यावरण-मंजुरीची अट घातली. शेतशिवारातून जाणारीला मंजुरी नको, म्हणून जनसुनावणीही नको! उरतो १९६२ चा कायदा. अधिसूचना निघाल्यावर २१ दिवसांत हरकत घ्यायची. जमीन नावावर राहते, पण त्या पट्ट्यावर घर, विहीर, झाड यांना मनाई. आणि झालेल्या नुकसानीच्या भरपाईखेरीज या हक्काचा मोबदला बाजारभावाच्या १० टक्के. त्या जमिनीवर राबणाऱ्या भूमिहीन मजुराची तर गणतीच नाही.

जंगलातही तेच. ५ फेब्रुवारी २०१३ च्या पत्राने मंत्रालयाने अनेक गावांतून जाणारे रस्ते, कालवे, वाहिन्या यांना वनहक्क कायद्याखालील ग्रामसभेच्या ठरावातून सूट दिली. अपवाद केला तो आदिम जमातींच्या हक्कांचा. म्हणजे बाधित गावे जितकी अधिक, तितकी विचारणा कमी!

ग्रामसभांमुळे विलंब होतो, असे म्हणणारांनी त्याच वर्षीचे नियमगिरी आठवावे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ओडिशातील १२ ग्रामसभा जुलै-ऑगस्टमध्ये भरल्या आणि त्यांनी बॉक्साइटची खाण एकमुखाने नाकारली. अमेरिकेत वायुवाहिन्यांना परवानगी देणाऱ्या संघीय आयोगापुढे कोणीही आपले म्हणणे मांडू शकतो. तरी आयोगाने नकार दिल्याची उदाहरणे विरळच. केवळ बोलण्याचा हक्क आणि नाकारण्याचा हक्क यांत हे अंतर आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. अनुसूचित क्षेत्रातील कोणत्याही वाहिनीचा मार्ग ठरण्यापूर्वी, पावरी व भिली भाषांत संपूर्ण माहिती देऊन, प्रत्येक ग्रामसभेचा कौल घेतला जावा आणि तिचा नकार शासनावर बंधनकारक असावा. तोवर कार्यकर्त्यांनी राजपत्र कचेरीत पडू देता कामा नये. निघालेली प्रत्येक अधिसूचना २१ दिवसांच्या आत पाड्यापाड्यावर वाचून दाखविणे, हे आजचे पक्षकार्य आहे.