भीती सरायला वेळ द्या

रस्त्यावरचा जखमी कुत्रा उचलून आणला, उपचार झाले, जखम भरली. बचावाची गोष्ट बहुधा इथेच संपवली जाते. अवघड टप्पा खरे तर त्यानंतर सुरू होतो. बरा झालेला कुत्रा दुसरा कुत्रा दिसताच थरथरतो, कोपऱ्यात दडतो किंवा अंगावर धावून जातो. दत्तक घेणारे कुटुंब कंटाळून त्याला परत आणून सोडते आणि पुन्हा पिंजरा त्याच्या नशिबी येतो. कायमचे घर मिळेपर्यंत एखाद्या कुटुंबाने त्याला तात्पुरते सांभाळणे, म्हणजेच ‘फॉस्टर’ करणे, हा त्यावरचा चांगला उपाय आहे. पण त्याकडे निव्वळ भूतदया म्हणून पाहिले जाते आणि त्यामागचे विज्ञान बाजूला राहते.

पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात माणसांशी आणि इतर कुत्र्यांशी नाते जोडायला शिकते. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६५मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या संशोधनाने हा काळ ठळकपणे पुढे आणला. तो उपासमारीत, एकटेपणात किंवा मारामाऱ्यांत गेला, तर अनोळखी कुत्रा म्हणजे संकट, असे समीकरण मनात बसते. ते पुढेही बदलता येते, मात्र वेळ अधिक लागतो.

इथे सर्वांत मोठी चूक होते ती घाईची. ‘एकदा भेटू द्या, आपोआप दोस्ती होईल’ असे म्हणत दोन कुत्रे समोरासमोर उभे केले जातात. शेपूट हलली की सगळे निर्धास्त होतात. मात्र इटलीतील शास्त्रज्ञांनी २००७मध्ये दाखवून दिले, की मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपूट उजवीकडे अधिक झुकते, तर अनोळखी, दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. म्हणजे हलणारी शेपूट दर वेळी आनंदाचीच नसते. वारंवार जांभई देणे, ओठ चाटणे, मान फिरवणे, अंग ताठ होणे ही अस्वस्थतेची लक्षणे असू शकतात. गुरगुरण्यावर ओरडणे तर धोक्याचेच. ती पूर्वसूचना असते. ती दाबली, तर कुत्रा पुढे सूचना न देताच चावू शकतो.

योग्य पद्धत साधी, पण चिकाटीची आहे. आधी पशुवैद्यकीय तपासणी आणि लसीकरण व्हावे, कारण चिडचिडीमागे कधी कधी दुखणेही असते. संसर्ग टाळण्यासाठी आणि घराची सवय होण्यासाठी सुरुवातीचे दोनेक आठवडे त्याला घरातल्या इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवावे. त्यानंतर एखाद्या शांत, वयस्क कुत्र्यासोबत अंतर राखून, एकाच दिशेने फिरायला न्यावे. दुसरा कुत्रा दिसला की आवडता खाऊ द्यावा. खाऊही घेत नसेल, तर अंतर फार कमी आहे असे समजून मागे सरावे. पट्टा सैल असावा. पहिल्या भेटी काही सेकंदांच्याच असाव्यात आणि त्या वेळी खाण्याचे भांडे किंवा खेळणे मध्ये नसावे. एखाद्या दिवशी प्रगती उलटी फिरली, तरी ते अपयश नव्हे.

घरातल्या चार भिंती मुळातच किती मोलाच्या असतात, हे अमेरिकेतील पाच निवारा केंद्रांतल्या २०७ कुत्र्यांच्या, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. एक-दोन रात्री घरात राहिल्यावर त्यांच्यातील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण घटले. केंद्रात परतल्यावर ते पुन्हा पूर्वीइतके झाले.

आपल्याकडे हा विषय आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात दत्तक घेण्याची मुभा देतानाच, असा कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकली. ती पेलायची, तर कुत्र्याची पूर्वतयारी हवी आणि कुटुंबाचीही. महापालिका आणि प्राणिमित्र संस्थांनी किती कुत्रे दत्तक गेले एवढेच न मोजता किती परत आले, हेही नोंदवावे. फॉस्टर कुटुंबांना प्रशिक्षण आणि उपचारखर्चात मदत द्यावी. सोसायट्यांनीही अशा कुटुंबांकडे संशयाने पाहू नये. काही कुत्रे इतरांशी कधीच खेळणार नाहीत, हेही दत्तक घेणाऱ्याला स्पष्ट सांगावे. दुसरा कुत्रा शेजारून गेला तरी शांत राहणे, एवढे साधले तरी त्याच्या जगण्यासाठी आणि शेजाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी ते पुरेसे आहे.