ओंगळ विनोद आणि निवडक संताप

मुंबईतील खार येथील ‘हॅबिटॅट’ या छोटेखानी सभागृहाने २०२५ च्या पहिल्या तीन महिन्यांत दोन वादळे अनुभवली. फेब्रुवारीत समय रैना यांच्या ‘इंडियाज गॉट लेटेंट’ या कार्यक्रमात रणवीर अलाहाबादिया यांनी एका स्पर्धकाला आईवडिलांच्या शरीरसंबंधांविषयी किळसवाणा प्रश्न विचारला आणि देशभर गदारोळ उडाला. गुवाहाटीपासून मुंबईपर्यंत पोलीस कामाला लागले. मार्चमध्ये त्याच सभागृहात झालेल्या कुणाल कामरा यांच्या प्रयोगाची चित्रफीत प्रसृत झाली. तीत उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचे नाव न घेता एका हिंदी चित्रपटगीताच्या विडंबनातून त्यांची खिल्ली उडविलेली होती. २३ मार्चच्या रात्री शिवसैनिकांनी सभागृहाची मोडतोड केली. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे हातोडेही तेथे पोहोचले. मोडतोड करणाऱ्या १२ जणांना अटक झाली आणि त्याच दिवशी त्यांना जामीनही मिळाला.

या दोन्ही प्रकरणांवर एकच शेरा मारला गेला : स्टँड-अप कॉमेडीची पातळी घसरली आहे. पातळी घसरली आहे, हे खरेच. पण पहिला प्रकार निव्वळ ओंगळपणाचा होता, तर दुसरा राजकीय उपहासाचा. सत्ताधाऱ्याची टर उडविणे आणि श्रोत्यांच्या अंगावर घाण फेकणे यांना एकाच तागडीत तोलले की फायदा नेहमी सत्ताधाऱ्याचाच होतो.

मराठी माणसाला चावट विनोदाचे वावडे कधीच नव्हते. तमाशाच्या गौळणीतील मावशी आणि बतावणीतील सोंगाड्या यांनी पिढ्यानपिढ्या हेच केले. दादा कोंडके यांनी त्यावर चित्रपटांचे साम्राज्य उभारले. लागोपाठ रौप्यमहोत्सव करणाऱ्या त्यांच्या ९ चित्रपटांची नोंद गिनेस बुकात झाली. परंतु द्वयर्थी विनोदाला एक कारागिरी लागते. वाक्य वरवर निरागस असावे लागते, चावट अर्थ श्रोत्याच्या मनात उमटावा लागतो. त्यामुळे हसणारा त्या पापात भागीदार होतो आणि सेन्सॉरची कात्री हवेतच फिरते. आजच्या धक्कातंत्रात दुसरा अर्थच नसतो. शब्द थेट आदळतो आणि प्रेक्षक हसतो तो बहुधा अवघडल्यामुळे. शिवाय धक्क्याचे एक व्यावहारिक दुखणे आहे. तो दुसऱ्यांदा बसत नाही. मग मात्रा वाढवावी लागते आणि त्या चढाओढीत विनोद केव्हा संपला, हे सांगणाऱ्यालाही उमगत नाही.

ही चढाओढ नवी नाही. २० डिसेंबर २०१४ रोजी वरळीच्या एनएससीआय सभागृहात ‘एआयबी’ या चमूने रणवीर सिंग आणि अर्जुन कपूर यांचा ‘रोस्ट’ केला. तिकीट काढून आलेल्या हजारो प्रेक्षकांनी तो शिव्यांसह मनमुराद उपभोगला. जानेवारीत चित्रफीत यूट्यूबवर आली आणि वणवा पेटला. काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. वरळीच्या प्रेक्षकाने काय ऐकायचे ते ठरवून पैसे मोजले होते. तीच चित्रफीत भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारख्या गावात पोहोचते, तेव्हा ती ओसरीवर हातोहात फिरणाऱ्या मोबाइलवर अवचित उघडते. जत्रेतल्या तमाशाच्या तंबूत कोणी बसायचे आणि कोणी नाही, याची गावाला समज होती. मोबाइलला तंबूची कनात नाही.

त्या वेळी राज्य सरकारने चौकशी लावली आणि कार्यक्रमाला परवाना होता काय, असा प्रश्न विचारला. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे, नाटकाची संहिता तेथे आधी दाखवावी लागते. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ला १९७२ नंतर याच चरकातून जावे लागले आणि उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. ज्या नाटकाने मराठी समाजाला आरसा दाखविला तेही तेव्हा अश्लीलच ठरविले गेले होते, याचा विसर आज परवान्याची मागणी करणाऱ्यांना पडतो. आणि ऐन रंगमंचावर सुचणाऱ्या विनोदाची संहिता मंडळाला दाखवायची तरी कशी?

‘लेटेंट’ प्रकरणातील सर्वांत बोचरी गोष्ट वेगळीच आहे. संताप उसळला तो आईवडिलांविषयीच्या प्रश्नावर. त्या प्रश्नाने सभ्यतेला ओरखडा गेला, पण कोणाचे प्रत्यक्ष नुकसान झाले नाही. रैना यांनीच एका प्रयोगात ‘स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी’ या दुर्मीळ आजाराने ग्रस्त तान्ह्या बाळाला लागणाऱ्या १६ कोटी रुपयांच्या इंजेक्शनवरून विनोद केला होता. त्यावर कोणताही पक्ष रस्त्यावर उतरला नाही. ज्यांच्या घरात ते दुखणे आहे, अशा कुटुंबांसाठी काम करणाऱ्या ‘क्युअर एसएमए फाउंडेशन’ला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. अश्लीलतेचा कायदा अशा विनोदाला लागू होत नाही, कारण त्यात एकही अश्लील शब्द नसतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने रैना आणि इतर काही विनोदवीरांना जाहीर माफी मागण्यास सांगितले. नोव्हेंबरमध्ये आणखी एक आदेश आला : दिव्यांगांना मंचावर बोलावून, त्यांच्या उपचारांसाठी निधी उभा राहील असे कार्यक्रम दरमहा करावेत.